वॉर्सा येथील बालन्यायालय : विद्यार्थी सहभागाचा एक ऐतिहासिक संदर्भ

शालेय निर्णयप्रक्रियेतील मुलांच्या सहभागाची चर्चा सामान्यतः संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १२ पासून सुरू होते. तथापि या विचाराची मुळे त्याहून जुनी आहेत. पोलिश बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी १९१२ पासून वॉर्सा येथील ज्यू मुलांचे अनाथगृह चालविले. तेथे मुलांचे न्यायालय व बालसंसद कार्यरत होती. त्या आठवड्यात ज्यांच्यावर खटला नसे, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. शिक्षकांविरुद्धही फिर्याद करता येई. खुद्द कोर्चाक यांनाही या न्यायालयापुढे उभे राहावे लागले. संहितेतील पहिली ९९ कलमे क्षमेची वा खटला निकाली काढण्याची होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी कोर्चाक व मुलांना त्रेब्लिंका येथे नेऊन ठार केले. पुढे १९७८ साली बालहक्क संहितेचा प्रस्ताव पोलंडनेच मांडला. भारताने ती १९९२ साली स्वीकारली.

आपल्याकडील विद्यार्थी परिषद केवळ स्नेहसंमेलनाच्या आयोजनापुरती उरत असेल, तर तो सहभाग नामधारीच ठरतो. शिक्षकाच्या निर्णयालाही प्रश्न विचारण्याची मुभा हीच सहभागाची खरी कसोटी होय, असे या इतिहासावरून स्पष्ट होते.