कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स

अमेरिकेच्या वाङ्मयेतिहासात डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांचे नाव आज एखाद्या तळटीपेत आढळले तर आढळते. वीसांहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाचे चरित्र मात्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

इंडियाना राज्यातील मॅडिसन या नदीकाठच्या गावी १८६७ साली त्यांचा जन्म झाला. प्रिन्स्टन येथील शिक्षण १८८७ मध्ये संपवून ते वृत्तपत्रांत शिरले. १९०१ साली ‘द ग्रेट गॉड सक्सेस’ ही पहिली कादंबरी त्यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केली. उंच मेजापाशी उभे राहून ते रात्र रात्र लिहीत. भाषेला सफाई नव्हती. त्वेष मात्र होता, आणि त्याचा रोख पैशाने विकल्या जाणाऱ्या सत्तेवर होता.

त्या काळी अमेरिकेच्या सिनेटचे सभासद जनता नव्हे, तर राज्यांची विधिमंडळे निवडीत. जेथे विधिमंडळच बड्या कंपन्यांच्या मुठीत, तेथील सिनेटर कोणाचे, हे सांगावयास नको. १९०६ साली ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकातील लेखमालेत फिलिप्स यांनी नावे घेऊन हे व्यवहार उघडे केले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले. असल्या लेखकांस त्यांनी बन्यनच्या रूपककथेतील, मान वर न करता केवळ घाण उपसणाऱ्या माणसाची उपमा दिली. लेखांत अतिशयोक्ती होती हे खरे; पण रोग खोटा नव्हता. १९१३ च्या घटनादुरुस्तीने ही निवडणूक थेट मतदारांच्या हाती आली. ती पाहावयास फिलिप्स हयात नव्हते.

त्यांच्यावर शस्त्र उचलले ते या बलाढ्य शत्रूंपैकी कोणी नव्हे. २३ जानेवारी १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रॅमर्सी पार्कजवळ गोल्ड्सबरो नावाच्या व्हायोलिनवादकाने त्यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या आणि तत्काळ आत्महत्या केली. १९०९ च्या एका कादंबरीतील वॉशिंग्टनची तरुणी म्हणजे आपलीच बहीण, असा ग्रह त्याने करून घेतला होता. फिलिप्स त्या कुटुंबास ओळखतही नव्हते! कीर्तनात बुवांनी कृपणाचे आख्यान लावले की, ‘हे मलाच उद्देशून’ असे मनात धरणारा एखादा श्रोता आपल्याकडेही असतो. तो फार तर उठून जातो. फिलिप्स दुसऱ्या दिवशी वारले. वय अवघे ४३.

त्यांची ‘सुझन लेनॉक्स’ ही प्रचंड कादंबरी १९१७ साली, मरणोत्तर, ग्रंथरूपाने निघाली. अनौरस म्हणून हिणवली गेलेली, बळेच लग्न लावून दिलेली सुझन घर सोडते, कारखान्यात राबते, देहविक्रयापर्यंत ढकलली जाते आणि अखेर नटी म्हणून नाव मिळवते. लेखकाने तिला पश्चात्ताप करावयास लावले नाही, की शिक्षाही दिली नाही. नीतिरक्षकांस खुपले ते बहुधा हेच. आमच्या मते फिलिप्स यांची ही एकच कादंबरी आजही आवर्जून वाचावी अशी आहे.