असंख्य, बेसुमार आणि मोप

शाळकरी मुलांच्या इंग्रजी व्याकरणात समानार्थी शब्दांची एक यादी असते. आमच्या कोल्हापूरच्या घरी परवा संध्याकाळी ती पाठ होत असता आमचे लक्ष तिकडे गेले. ‘इन्न्यूमरेबल’ म्हणजे असंख्य, ‘काउंटलेस’ म्हणजे असंख्य, ‘नंबरलेस’ म्हणजे असंख्य, आणि ‘मिरिअड’ म्हणजेही असंख्यच! चार शब्दांना एकच अर्थ पुरतो हे पाहून पाठ करणारा मुलगा खूष झाला; आम्ही मात्र थोडे खट्टू झालो. मोजता न येणाऱ्या वस्तूंसाठी लोकांनी जे शब्द घडविले त्यांत त्या लोकांच्या मोजण्याचा इतिहास साठलेला असतो, व एकट्या ‘असंख्य’ने तो सारा पुसला जातो.

‘मिरिअड’ हा शब्द मूळचा ग्रीक. ग्रीकांच्या अंकनामांत दहा हजार हे सर्वांत मोठे नाव. त्यापलीकडे स्वतंत्र नाव नव्हते, म्हणून तेच मोजदादीबाहेरच्या गोष्टींनाही लागले. ‘लीजन’ ही रोमन सैन्यातील काही हजार शिपायांची तुकडी. बायबलातील एका कथेत भुतांनी आपले नाव तेच सांगितले, आणि इंग्रजीत तो शब्द अफाट झुंडीचा वाचक झाला. आपल्या ‘लाखो’ची हीच कथा आहे. चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर लाखो लोक जमले असे म्हणणारा काही डोकी मोजून बोलत नाही. तथापि आपली अंकनामांची शिडी फार उंच होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत; परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. एवढी शिडी जवळ असून आमचा माणूस बाजारात आणि यात्रेत लाखाच्या पायरीवरच बसतो, ह्याची आम्हांस मोठी मौज वाटते.

‘असंख्य’ आणि ‘अगणित’ हे पंडितांचे शब्द होत. आमच्याकडचा शेतकरी ‘मोप’ म्हणतो. जुन्या मराठीत हा ‘अमूप’ होता, म्हणजे ज्याचे माप होत नाही ते. बोलता बोलता आरंभीचा नकार झिजून गेला, अर्थ मात्र जागचा हलला नाही! हा शब्द खळ्यावरचा आहे. तेथे दाणे मोजीत नाहीत, रास मापतात. पायली भरताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत आहे. ज्याची संपत्ती राशीत असते त्याला संख्येपेक्षा माप जवळचे. ‘अपार’ हा नदीकाठच्या माणसाचा शब्द. पंचगंगेला पूर येऊन पलीकडचा काठ दिसेनासा झाला म्हणजे त्याचा अर्थ डोळ्यांना कळतो. दुःख अपार असते, माया अपार असते. आंबे अपार असत नाहीत, ते मोप असतात.

‘बेसुमार’ मात्र खळ्यावरून आला नाही. तो दफ्तरातून आला. फारसीत ‘शुमार’ म्हणजे गणती. ती ज्याची होत नाही ते बेसुमार. त्याच गणतीचा ‘सुमारे’ झाला, म्हणजे अदमासे. आणि ‘सुमार बुद्धीचा’ असेही आपण म्हणू लागलो. गणतीच्या शब्दाला अदमासाचा अर्थ यावा, ह्यावरून जुन्या कचेऱ्यांतील गणतीविषयी कोणी काही तर्क केल्यास आम्ही त्याला अडवणार नाही.

असे शब्द ठेवावे की टाकावे, हा वाद मराठीत फार जुना आहे. शिवकाळी ‘राज्यव्यवहारकोश’ झाला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. पुढे आमच्याच गावी, राजाराम महाविद्यालयात शिकविणाऱ्या माधवराव पटवर्धनांच्या, म्हणजे कवी माधव जूलियन ह्यांच्या, एकाच आयुष्यात हा वाद दोन्ही बाजूंनी मांडला गेला. त्यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ दिला, आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीचा पक्ष घेतला. त्यांच्या विद्वत्तेपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु ह्या एका शब्दापुरते आमचे मत कोशकार माधवरावांच्या बाजूचे आहे. बेसुमाराच्या जागी सर्वत्र असंख्य घातले, तर त्याचे एक सख्खे भावंड आपल्याला ओळखू येणार नाही. ते भावंड म्हणजे ‘खानेसुमारी’. घरांची गणती ती खानेसुमारी. इंग्रजी अमलात सेन्ससलाही मराठीत हेच नाव होते.

ही गणती कोणाची होते आणि कोणाची होत नाही, हा प्रश्न साधा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांस सावकारी पत्रातून कळली, हे प्रसिद्धच आहे. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा ह्यांची गणती नाही, असा त्या सांकेतिक मजकुराचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. शिपाई, बारगीर, बाजारबुणगे, यात्रेकरू हे सारे खुर्द्यात! १८२६ साली आपला मराठ्यांचा इतिहास छापताना ग्रँट डफने ह्या पत्राचे इंग्रजी केले, तेव्हा त्याने वर सांगितलेल्या चार शब्दांपैकी एकही वापरला नाही. बेरीज करता येत नाही, असा वाण्याच्या वहीतला प्रयोग केला. साहेबाला सावकाराचे बोलणे अचूक कळले होते. ते पत्र आम्ही लहानपणापासून हळहळत वाचीत आलो; पण सत्तावीसाच्या पुढे लेखणी का थांबली, हे त्या वेळी आमच्या मनात कधी आले नाही. गणती अशक्य होती, की त्या माणसांची गणती करण्याची चालच नव्हती?

१ मार्च १९०१ रोजी हिंदुस्थानभर शिरगणती झाली. दुष्काळ व प्लेग ह्यांनी गांजलेल्या दशकाच्या अखेरची ती गणती. तीत कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या, जहागिऱ्या धरून, ९,१०,०११ भरली. सरकारने ती मोजली ती आपल्या कारभारासाठी, हे आम्ही जाणतो. आकड्यात कोणाचे नाव नसते, हेही खरे. तरी त्या संख्येतील शेवटच्या अकरांवर आमची दृष्टी खिळते. नऊ लाख दहा हजारांवर कारकुनाला थांबता आले असते. त्या अकरांत कोणी जहागीरदार असेल, कोणी पंचगंगेकाठी शेणी थापणारी म्हातारी असेल. वहीत दोघांचीही एकेकच रेघ पडली.