वेदगंगेचे बरगे आणि माळावरचे तळे

घरोघरी गणपती बसतात, तेव्हा वेदगंगा भरलेली असते. पावसाचा जोर असेल, तर जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, भोजवाडी-कुन्नूर हे बंधारे-पूल पाण्याखाली असतात. पाहुण्यांना वाटते, निपाणी भागाला पाण्याची काय ददात! पण पुराचे पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात पीक जगवते ते अडवलेले पाणी. ते अडवण्याची विद्या आपल्या मुलखात कशी रुजली, हे थोडक्यात सांगतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानाचे पाटबंधारे धोरण ठरवले. पुढे १९०७ साली भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. पैशाअभावी ते काम रखडले आणि बऱ्याच वर्षांनी पूर्ण झाले. पण धरणाइतकीच मोलाची दुसरी गोष्ट या मुलखाने दिली, ती म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. स्थापत्याची पदविका करताना आमच्या पुस्तकात तो ‘के. टी. वेअर’ या नावाने भेटला, तेव्हा आपल्याच नदीवरची वस्तू छापलेली पाहून ऊर भरून आला होता.

रचना साधी. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, दोन रांगांत बसवायचे आणि मधे माती ठासायची. पावसाळ्यापूर्वी ते काढायचे, म्हणजे पूर आणि गाळ मोकळा जातो. बरगे लवकर घातले तर परतीच्या पुराचा धोका, उशीर झाला तर पाणी निघून गेलेले. म्हणून बंधारा नुसता दगडाचा नसतो; वेळेवर एकत्र येणाऱ्या माणसांचाही असतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी-बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. नद्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. वेदगंगा पाटगावच्या मौनीसागरातून येते, दूधगंगा काळम्मावाडीहून. दूधगंगेवरच्या मलिकवाड-दत्तवाड बंधाऱ्याचे एक टोक कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. एका काठाने बरगे घालून भागत नाही. दोन्ही काठांचे एकमत लागते.

या पाण्याने शेती बदलली. पूर्वी निपाणीचे नाव तंबाखूने गाजले. पावसाची ओल धरणाऱ्या काळ्या रानात येणारे ते पीक. आमच्या आजोबांचा वर्षाचा सगळा हिशेब त्याच्या एका दरावर अवलंबून असे. तो दर मागायला शेतकरी रस्त्यावर बसले आणि ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबारात त्यांच्यातलेच काही प्राणाला मुकले. त्यानंतर जिथे नदीचे पाणी पोचले तिथे ऊस वाढला. पीक बदलले, पण एकाच पिकावर सारी भिस्त ठेवण्याची सवय गेली नाही. आणि माळावरच्या रानात पाणी पोचलेच नाही.

माळाला उपाय आहे तो त्याच्यावर पडणाऱ्या पावसाचा. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे एक लाख लिटर पाणी होते. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, तीन मीटर खोल शेततळ्यात, तिरपे काठ धरून, सात लाख लिटरच्या आसपास साठते. कर्नाटक सरकारने २०१४ साली ‘कृषी भाग्य’ योजनेतून अशा तळ्यांना मदत सुरू केली. आपल्याकडे त्याला कानडीतले ‘कृषी होंडा’ हेच नाव रुळले आहे. बाष्प आणि झिरपा वजा जाता एक-दीड एकराला दोन पाणी निश्चित मिळते. ज्वारी-हरभऱ्याला तेवढे पुरते.

तळ्यात मासे, काठावर शेवगा-आंबा, बांधावर वैरण, गोठ्यात दोन म्हशी आणि शेणखत परत रानात. एकात्मिक शेती म्हणतात ती हीच. दर पडला तरी दुधाचे पैसे येतात, दूध आटले तर शेवग्याचे. आमच्या आजोबांना तेवढा आधार असता, तर एका दरासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला नसता.

आता बाप्पाला निरोप देऊन परतलो की लवकरच बरगे घालायचे दिवस येतील. नदीकाठच्या मंडळींनी त्या कामाला हात लावावा, आणि माळावरच्यांनी पुढच्या पावसाआधी तळ्याची जागा आखून ठेवावी.