युसुफसाहेब गेले तेव्हा परभणीत

७ जुलै २०२१. बुधवार होता. सकाळी साडेसातच्या सुमारास मुंबईत खारच्या हिंदुजा रुग्णालयात दिलीपकुमार यांचा इंतकाल झाला. वय ९८. नऊच्या आत ही खबर परभणीत आमच्या मोहल्ल्यात येऊन पोहोचली.

टाळेबंदीमुळे मी तेव्हा घरीच होतो. दुकानं दुपारी चारपर्यंतच उघडी ठेवायची परवानगी होती. समोरच्या बागवान चाचांनी त्या दिवशी फळांचा गाडा लावलाच नाही. चाचा ऐंशीच्या घरातले. दारात खुर्ची टाकून बसले होते. मी गेलो तर म्हणाले, “युसुफसाब गये बेटा. तेरे अब्बा रहते तो आज दिनभर यहीच बैठते.”

अब्बा एप्रिलमध्ये गेले होते, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्यांच्या मय्यतीला आम्ही मोजून पाच जण होतो. चाचांना घरच्यांनी येऊ दिलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या दोस्ताला ते मातीसुद्धा देऊ शकले नव्हते. त्या सकाळी ते रडत होते, ते दोघांसाठी, हे मला कळत होतं.

दिवसभर टीव्हीवर ‘ट्रॅजेडी किंग’ चालू होता. ‘देवदास’, ‘मुघल-ए-आझम’, मधुबाला, सायराबानू. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी पानंच्या पानं दिली. त्यांत पेशावर होतं, पाली हिल होतं, आठ फिल्मफेअर होते. पण आमच्या मराठवाड्यातली जुनी माणसं ज्या दिलीपकुमारसाठी हळहळत होती, तो त्या पानांत फारसा नव्हता. त्याच्याविषयी लिहायला हवं, असं तेव्हापासून मनात होतं.

टांगेवाल्यांचा हिरो

आधी थोडं मागे जाऊ. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबरला हैदराबाद भारतात विलीन झालं. पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांत आणि नंतर मराठवाड्यातल्या सामान्य मुसलमानांनी काय सोसलं, यावर नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं अहवाल लिहिला. तो कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. आमच्या घरात दादा त्याविषयी एक शब्द बोलत नसत. “वो टैम गया,” एवढंच म्हणत. रझाकारांनी केलेल्या जुलमांचा हिशेब आपल्याकडून मागितला गेला, अशी त्या पिढीची भावना होती. रझाकारांशी ज्यांचा काही संबंध नव्हता, तेही मान खाली घालून वावरत.

अशा काळात या भागात सिनेमा येत होता. मीटरगेज गाडीनं रिळांचे पत्र्याचे डबे यायचे. गावोगावच्या जत्रांत तंबूतली टुरिंग टॉकीज लागायची. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. हिंदू-मुसलमान सगळे येतात. दादा सांगत, उरुसाला आलेला माणूस दर्ग्यावर फूल वाहायचा, मिठाई घ्यायचा आणि रात्री तंबूत जमिनीवर बसून पिक्चर बघायचा. बायकांसाठी मध्ये पडदा असे.

१९५७ साली ‘नया दौर’ आला. गावात बस येते आणि टांगेवाल्यांची रोजी जाते, अशी त्याची गोष्ट. दिलीपकुमार टांगेवाला शंकर. परभणीला हा सिनेमा जरा उशिरानंच आला असणार, पण तो आमच्या स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी आपलाच मानला. त्यांतले बहुतेक मुसलमान होते. वर्षभरापूर्वीच, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला होता. नवे साहेब आले होते, कचेरीची भाषा बदलली होती, एसटीच्या गाड्या धावू लागल्या होत्या. उर्दूत अर्ज लिहिणाऱ्या माणसाला आता अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याकडे जावं लागत होतं. आपल्या हातातलं काम जाणार, ही धास्ती पडद्यावर बघायला मिळाली आणि शेवटी टांगेवाला जिंकला. दादा टांगेवाले नव्हते, पण ते पाच वेळा गेले.

दोन नावं

दिलीपकुमार यांचं खरं नाव मुहम्मद युसुफ खान. जन्म ११ डिसेंबर १९२२, पेशावरचा. वडील गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. धंद्यासाठी हे कुटुंब महाराष्ट्रात आलं. युसुफचं बालपण नाशिकजवळ देवळालीत गेलं, तिथल्या बार्न्स स्कूलमध्ये तो शिकला. पुढे पुण्यात लष्कराच्या कँटीनमध्ये नोकरी केली. मग बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणींनी त्याला घेतलं, नाव बदलायला सुचवलं आणि १९४४ साली ‘ज्वार भाटा’त पडद्यावर दिलीपकुमार आला.

हे नाव बदलणं पुढे अनेकांना खुपलं. काहींना वाटलं, यानं मुसलमानपण लपवलं. काहींना वाटलं, हिंदू नाव घेऊन हा आपल्याला फसवतोय. आमच्या मोहल्ल्याला मात्र त्यात काही विचित्र वाटलं नाही. पडद्यावर तो शंकर, गंगा, गोपी असे. सलीम क्वचित. घरी मात्र तो युसुफसाब. बागवान चाचांच्या लेखी तर प्रश्नच नव्हता. “बाप फल बेचता था ना? फिर वो बागवान हुआ,” असं ते ठामपणे सांगत. पेशावरच्या पठाणाला त्यांनी परस्पर आपल्या बिरादरीत घेऊन टाकलं होतं. आम्ही हसायचो. पण या हसण्यामागची गोष्ट गंभीर आहे.

जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. मानवत, सेलू, परभणी हा सगळा कापसाचा पट्टा. दादा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरले. पण अब्बांना हा शब्द नको होता. ते स्वतःला शेख म्हणवून घेत. माझ्या शाळेच्या दाखल्यावर धर्म मुसलमान आणि जातीच्या रकान्यातही ‘मुसलमान’. अशा लाखो मुलांचे दाखले असेच लिहिलेले होते.

मंडल आयोगानं १९८० साली अहवाल दिला, तेव्हा मागास जातींच्या यादीत मुसलमानांतले कारागीर, विणकर, पिंजारी, खाटीक असे समाजही घेतले होते. ७ ऑगस्ट १९९० ला पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांनी अंमलबजावणी जाहीर केली. नोव्हेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ओबीसी आरक्षण मान्य केलं. कागदावर सगळं होतं. पण दाखला मागायला गेलं की कचेरीत ऐकावं लागे, “तुमच्यात कुठं जात असते?” आणि मशिदीबाहेर आपलीच माणसं म्हणत, “इस्लाममें जात नहीं, ये क्या नया फितना लाये?” दोन्हीकडून दार बंद.

हे दार ठोठावलं जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी. मुस्लिम ओबीसी संघटनेच्या नावानं ते महाराष्ट्रभर हिंडले. विलास सोनवणे यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत होते. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या चळवळीच्या मंचावर दिलीपकुमार येऊन उभे राहिले. एखाद्या सभेपुरते ते आले नाहीत. शब्बीरभाईंबरोबर ते ठिकठिकाणी गेले, सत्ताधाऱ्यांना भेटले, विणकर-खाटीक-पिंजाऱ्यांच्या सभांत बोलले. वय सत्तरीचं. त्यात त्यांचा स्वतःचा फायदा काही नव्हता. पठाणाला ओबीसीचा दाखला मिळत नाही.

चळवळीचं म्हणणं साधं होतं. आरक्षण धर्मावर नको. इस्लामच्या शिकवणीत उच्चनीच नसेलही, पण आपल्या मोहल्ल्यांत आहे. सोयरीक जुळवताना ते दिसतं. पिंजाऱ्याचं मागासलेपण त्याच्या धंद्यातून आलंय आणि त्याच धंद्यातल्या त्याच्या हिंदू भावाला जे मिळतं ते त्यालाही मिळावं.

अब्बा आणि बागवान चाचा एसटीनं औरंगाबादच्या सभेला गेले. खरं सांगायचं तर ते आरक्षणासाठी गेले नव्हते, दिलीपकुमार बघायला गेले होते. अब्बांनी सतराव्या वर्षी ‘राम और श्याम’ पाहिला होता आणि तेव्हापासून केस तसेच वळवत होते. सभेतलं काय आठवतं विचारलं, तर अब्बा भाषणाबद्दल फार सांगत नसत. “वो चिल्लाता नहीं था,” एवढं सांगत. हजारो माणसं आणि हा माणूस हळू आवाजात, थांबत थांबत बोलतोय.

परत आल्यावर आठवडाभरानं रात्री जेवताना अब्बा अम्मीला म्हणाले, “अपन पिंजारी है. बच्चेके दाखलेपे लिखाना पडेगा.” तो शब्द आमच्या घरात अब्बांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. दादा तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी माळ्यावरची पिंजण खाली काढून पुसून ठेवली.

डिसेंबर १९९४ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला आणि मुस्लिम ओबीसींना दाखले मिळायचा रस्ता मोकळा झाला. १९९४ सालचाच दादासाहेब फाळके पुरस्कारही दिलीपकुमार यांना मिळाला. वर्तमानपत्रांना पुरस्कार लक्षात राहिला. आमच्या घरात तो कागद लक्षात राहिला. माझा प्रवेश त्याच कागदावर झाला. बागवान चाचांची मुलगी त्याच कागदावर शिक्षिका झाली. स्थानिक स्वराज्य संस्थांतही महाराष्ट्रात त्याच सुमारास ओबीसींसाठी २७ टक्के जागा आल्या आणि बागवान, कुरेशी, मोमीन आडनावं नगरपालिकांच्या पाट्यांवर दिसू लागली.

सगळं सुटलं असं नाही. दाखल्यासाठी जुना पुरावा मागतात आणि बापाच्या दाखल्यावर ‘मुसलमान’च लिहिलेलं असतं. आजही किती पोरं तिथंच अडकतात.

निशान आणि तिरंगा

१९९८ साली पाकिस्ताननं दिलीपकुमार यांना ‘निशान-ए-इम्तियाज’ हा किताब दिला. पुढच्या वर्षी कारगिल झालं आणि तो किताब परत करा म्हणून शिवसेनेनं गदारोळ केला. बाळासाहेब ठाकरे आणि दिलीपकुमार जुने मित्र, तरीही. दिलीपकुमार पंतप्रधान वाजपेयींना भेटले. ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवा, असं वाजपेयींनी सांगितलं. त्यांनी तो ठेवला.

तेव्हा मी कॉलेजात होतो. वर्गात एकानं मला सहज विचारलं, “तुझा दिलीपकुमार कधी देतोय परत?” ‘तुझा’ हा शब्द मला लागला. कालपर्यंत तो सगळ्यांचा होता. घरी येऊन सांगितलं, तर अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “इतने बडे आदमीसे पूछते, तो तू क्या है.”

२०२१ च्या त्या संध्याकाळी मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात युसुफसाहेबांचा दफनविधी झाला. शासकीय इतमामात. अंगावर तिरंगा. हा आदेश दिला होता मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी. टीव्हीवर तो तिरंगा दिसला, तेव्हा चाचा खुर्चीवरून उठून उभे राहिले. मला वाटलं, हे बघायला अब्बा हवे होते.

कब्रस्तानात गर्दी होऊ दिली नव्हती. मधुबाला, मोहम्मद रफी, नौशाद याच मातीत आहेत. १९८० साली रफींच्या जनाज्याला भर पावसात हजारो लोक लोटले होते. युसुफसाहेबांच्या वाट्याला ती गर्दी आली नाही. चाहत्यांनी आपापल्या घरीच मातम केला.

मगरिबनंतर चाचांनी त्यांच्या अंगणात फातेहा ठेवला. सात-आठ बुजुर्ग जमले, मास्क लावून, अंतर राखून. मोहल्ल्यातला एक शिकलेला, दीनदार तरुण जाता जाता थांबला आणि म्हणाला, “चाचा, फिल्मवालेके लिए फातेहा?” तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला खरंच पटत नव्हतं. त्याच्या वयाच्या अनेकांना पटत नाही.

कुणीतरी चिडून बोलणार, तेवढ्यात चाचांनी त्याला विचारलं, “तेरी नोकरी कौनसे कोटेमें लगी, बेटा?”

तो म्हणाला, “ओबीसी.”

“बैठ फिर.”

तो थोडा वेळ उभा राहिला. मग चप्पल काढून कोपऱ्यात बसला. चाचांनी हात उचलले. आधी युसुफ खान वल्द गुलाम सरवर खान, असं नाव घेतलं. मग माझ्याकडे बघून माझ्या अब्बांचं.