पीटविरहित रोपमाध्यम

पीटविरहित रोपमाध्यम म्हणजे पीट न वापरता रोपे वाढविण्यासाठी तयार केलेले मिश्रण होय. थंड प्रदेशांतील दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळादी वनस्पतींच्या थरास पीट म्हणतात. हा थर वर्षाला साधारणपणे एक मिलिमीटरच वाढतो. पृथ्वीच्या सुमारे ३ टक्के भूभागावरील या थरांत प्रचंड कार्बन साठलेला असून उत्खननानंतर तो हवेत मिसळतो. त्यामुळे पर्यायी माध्यमांची गरज निर्माण झाली.

वऱ्हाडातील महत्त्व

अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी व शेंदुरजनाघाट हा परिसर संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. येथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमे तयार करतात. पारंपरिक रोपवाटिकेचा आधार पीट नसून माती हाच आहे. मात्र काळी चिकण माती पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा कमी मिळते. अशा ओलाव्यात फायटोप्थोरा बुरशी वाढून मूळकूज व डिंक्या हे रोग होतात. रोपासोबत ही बुरशी नव्या बागेत पोहोचते. झाडाला फळे येण्यास साधारणपणे पाच वर्षे लागत असल्याने रोगट कलमाची किंमत शेतकऱ्यास उशिरा कळते. म्हणून येथे निचऱ्याचे व रोगमुक्त माध्यम हीच मुख्य गरज आहे.

घटक

नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट) हलका व ओलावा धरणारा असतो. परंतु तो किनारपट्टीवरून आणावा लागतो आणि क्षार काढण्यासाठी धुवावा लागतो. स्थानिक घटकांत पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचे कुटार व गांडूळखत यांचा समावेश होतो. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) कापूस व लिंबूवर्गीय फळे या दोन्हींवर संशोधन होते.

पऱ्हाटी टणक असल्याने ती बारीक करून शेणासह कुजवावी लागते. पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत यासाठी उपयोगी आहे. तीत सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचतात. खत साधारणपणे ९० ते १२० दिवसांत तयार होते.

मर्यादा

अर्धवट कुजलेले खत रोपांचा नत्र ओढून घेते व पाने पिवळी पडतात. मिश्रणात माती वापरल्यास ती ओली करून उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवितात. त्यामुळे बुरशी कमी होते. तथापि सिंचनाचे पाणी दूषित असल्यास संसर्ग पुन्हा होऊ शकतो.