कल्याणची खाडी कर्जतपासून वाचावी

खाड्या भरल्या, बंदरे उथळ झाली, ही कोकणची हकीकत आपण नेहमी समुद्राच्या बाजूने सांगतो. ती कर्जत-खालापूरच्या डोंगरांपासून सांगायला हवी, असे मला ठामपणे वाटते. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास कर्जतवरून कल्याण गाठते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे उतरते. या खोऱ्यांच्या कडेला माथेरान, प्रबळ आणि इर्शाळ मुख्य सह्याद्रीपासून सुटे उभे आहेत. त्यांतले सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर मात्र समोरच्या घाटासारखेच जवळजवळ आडवे आहेत. म्हणजे हा सारा एकच पहाड होता. मग मधला दगड गेला कुठे? पावसाने तो कुजवला, ओढ्यांनी खाली नेला आणि जिथे भरतीच्या पाण्याने नदीचा वेग मोडला, तिथे त्यातला बराच भाग बसला.

यावर एक आक्षेप रास्त आहे: खाडीतला चिखल भरतीही आत आणते. खरे आहे, बारीक गाळ भरती-ओहोटी पुन्हा पुन्हा हलवते, आणि खाजणांतली खारफुटी तो धरून ठेवते. पण मुंब्रा-कल्याणच्या रेतीबंदरांवर वर्षानुवर्षे उपसली गेलेली काळी रेती बेसाल्टची आहे. समुद्राच्या शिंपल्यांची नव्हे. दुसरा आक्षेप इतिहासाचा. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचे नाव येते, कान्हेरीच्या लेखांत तिथले दाते भेटतात, शिवाजी महाराजांनी तिथे जहाजे बांधवली. एवढे बंदर गाळाने नव्हे, मुंबईच्या खोल बंदराने आणि 1854 मध्ये पोचलेल्या रेल्वेने मागे पडले. व्यापार का हलला, याचे हे उत्तर मला मान्य आहे. पण मुंबईच्या खोल पाण्याचे महत्त्व एवढे का वाढले, हे समजायला खाडीचा उथळ तळ पाहावाच लागतो.

डोंगरांची ही झीज जंगलतोडीने वेग घेते, तरी तिच्यापेक्षा फार जुनी आहे आणि आजही चालू आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. माणसांसह घरे गाडली गेली. असल्या उताराची माती पुढच्या पावसांत थोडीथोडी नदीला लागते. तरीही किनारा जपण्याच्या आपल्या नियमांची हद्द खाडीत भरतीचा परिणाम जिथे संपतो तिथेच संपते, आणि कर्जतचे उतार त्या हिशेबात येतच नाहीत.