पोस्टकार्डावरची सूर्यफुलं

लंडनला जाऊन आलेला कुणीतरी नॅशनल गॅलरीच्या दुकानातून व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचं पोस्टकार्ड आणतो आणि मग ते वर्षानुवर्षं टेबलाच्या काचेखाली पडून राहतं. पिवळ्या भिंतीपुढे पिवळ्या बरणीत पिवळी फुलं. बघता बघता आपल्याला वाटायला लागतं की 'सूर्यफुलं' म्हणजे हेच एक चित्र.

तसं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गोगँ राहायला येणार, त्याची खोली सजवायची, म्हणून ऑगस्ट १८८८ मध्ये व्हॅन गॉगने बरणीतल्या सूर्यफुलांची चार चित्रं लागोपाठ काढली. पुढे त्यातल्या दोन चित्रांवरून आणखी तीन स्वतःच रंगवली. म्हणजे नकला करण्याचा श्रीगणेशा चित्रकारानेच केला म्हणायचा!

पोस्टकार्डवाल्यांचा एक धर्म असतो: कडा साफ कापायच्या. फ्रेम नको, भिंत नको, फक्त चित्र. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, त्या चारांपैकी एकाची गोष्ट वाचेपर्यंत.

हे चित्र गडद निळ्या पार्श्वभूमीचं. १९२० मध्ये कोयाता यामामोतो नावाच्या जपानी व्यापाऱ्याने ते विकत घेतलं आणि पुढे ते कोबेजवळच्या अशिया गावातल्या त्याच्या घरी लागलं. (गावाचं नाव अशिया, खंडाशी संबंध नाही.) ६ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, अशियावर साधे बॉम्ब पडले. घराला आग लागली आणि चित्र जळालं. हिरोशिमापुढे एका चित्राचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. बरोबरच आहे. पण गेलं ते गेलंच.

उरला एक छापील कागद. १९२१ साली जपानमध्येच ह्या चित्राची रंगीत प्रत छापली गेली होती. मार्टिन बेली ह्या अभ्यासकाने २०१३ मध्ये ती जगापुढे आणली, तेव्हा लोकांचं लक्ष फुलांपेक्षा कडेकडे गेलं. निळ्याभोवती नारिंगी चौकट! नारिंगी रंगाच्या बारीक पट्ट्यांत ही चित्रं बसवायची, असं व्हॅन गॉगने पत्रात लिहून ठेवलं होतं. निळ्याला भिडणारा नारिंगी हा त्याच्या लेखी चित्राचाच भाग होता. पुढे संग्रहालयांनी आपापल्या फ्रेमा चढवल्या, कार्डवाल्यांनी कडा छाटल्या आणि ती पट्टी नजरेआड झाली. त्या जपानी छापखान्याने मात्र कड कापली नाही. मुद्दाम की आळसाने, कोण जाणे.

बाकीच्या सूर्यफुलांचेही रंग स्थिर नाहीत. त्यातला क्रोम पिवळा उजेडाने काळवंडतो, लाल छटा फिकी पडते. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयाने तर २०१९ मध्ये ठरवलं की आपलं चित्र आता प्रवासाला पाठवायचं नाही.

जपानमधल्या ओत्सुका संग्रहालयाने जळालेल्या चित्राची मूळ आकारातली प्रत चिनी मातीच्या फरशांवर करून घेतली आहे. हाताशी होता तो १९२१ चा छापील कागद.